निजामाच्या राज्यातून कोण सुटला?

मागच्या जून महिन्यातली गोष्ट. धरमपेठेत, लॉ कॉलेज चौकापासून जवळच, एका बंगल्याच्या फाटकाशी मी आणि माझी धाकटी बहीण उभे होतो. तिला कॉलेजात प्रवेश मिळालेला. आमचं घर उत्तर नागपुरात, माझी नोकरी सूतगिरणीत, तीन पाळ्यांची. तिची रोजची ने-आण जमणारी नव्हती, म्हणून खोली पाहत होतो. मालकीणबाई बोलायला चांगल्या. बसायला सांगितलं, पाणी दिलं, भाडं सांगितलं, नळ किती वाजता येतो तेही सांगितलं. मग विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" मी सांगितलं. बाई जराशा थांबल्या. म्हणाल्या, "अहो, कालच एकांनी सांगून ठेवली हो खोली. माझ्या लक्षातच नव्हतं."

चौकात आल्यावर बहीण म्हणाली, "दादा, पाणी देलं तवा त खोली रिकामी होती."

मी काही बोललो नाही. पण त्या चौकात उभं असताना मला १९३८ सालची एक गोष्ट आठवली. मी शाळेत दहावीपुढे गेलो नाही. जे वाचलं ते लायब्ररीत आणि पाळी सुटल्यावर. तिथेच कधीतरी वाचलं होतं की ह्याच नागपूर शहराने एकदा दुसऱ्या राज्यातून हाकललेल्या पोरांना दार उघडलं होतं. आडनाव न विचारता? की आडनाव ठीक होतं म्हणून? हा प्रश्न डोक्यात बसला. त्याचा शोध घेतला, तो इथे मांडतो. चुकलं तर सांगा. मी पंडित नाही.

*

आधी ते राज्य समजून घेऊ. आज आपण ज्याला मराठवाडा म्हणतो ते औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड, उस्मानाबाद हे पाच जिल्हे हैदराबाद संस्थानात होते. तेलंगण आणि कर्नाटकाचा काही भागही त्यातच. १९११ पासून गादीवर मीर उस्मान अली खान, सातवा निजाम. जगातल्या श्रीमंत माणसांत त्याची गणती होई. प्रजेत तेलुगू, मराठी, कानडी बोलणारे बहुसंख्य, पण दरबार आणि कचेरी उर्दूत. १९१८ साली काढलेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दूतच. सभा घ्यायची तर सरकारची परवानगी लागे. 'गश्ती निशान ५३' ह्या हुकमाने लोकांची तोंडं बांधलेली होती. सप्टेंबर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर बंदी आली. त्याच ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. माणसं तुरुंगात जाऊ लागली.

ह्याच दिवसांत, नोव्हेंबर १९३८ मध्ये, औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या आणि उस्मानियाच्या वसतिगृहांतली पोरं प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हणू लागली. सरकार म्हणालं, म्हणायचं नाही. पोरं म्हणाली, म्हणणार. संप झाला. शेकडो विद्यार्थ्यांची नावं कॉलेजातून काढून टाकली गेली. वसतिगृहातून पेट्या-वळकट्या बाहेर. संस्थानात दुसरं विद्यापीठ नाही, आणि बाहेरची विद्यापीठं ह्या पोरांना घ्यायला कचरत होती. तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना घेतलं. कुलगुरू होते टी. जे. केदार. पोरं गाडीत बसली आणि काझीपेठ, बल्लारशा, वर्धा करत नागपूरला उतरली. निजामाची हद्द मागे राहिली.

ह्या पोरांतला एक सतरा वर्षांचा तेलुगू मुलगा. ब्राह्मण, जमीनदार घरातला. नाव पामुलपर्ती व्यंकट नरसिंह राव. गाण्यापायी त्याला कॉलेज सोडावं लागलं आणि तो नागपूरला आला. पुढे पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकला, कायद्याची पदवी नागपूर विद्यापीठाची घेतली. मराठी इतकी पक्की शिकला की हरी नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्याने तेलुगूत नेली. आंध्रचा मुख्यमंत्री झाला. १९८४ आणि १९८९ साली आपल्याच रामटेकमधून लोकसभेत गेला. १९९१ ते १९९६ देशाचा पंतप्रधान.

मी ह्या पोरांची थट्टा करणार नाही. सतरा-अठरा वर्षांच्या वयात राजाला नाही म्हणायचं, घरापासून तोडून घ्यायचं, अनोळखी शहरात राहायचं, ही सोपी गोष्ट नाही. संस्थानात राहिलेल्या कितीकांनी तुरुंगात फटके खाल्ले. त्यांचं धाडस खरं होतं. माझं म्हणणं एवढंच की सुटकेची ही गोष्ट पुरी नाही. वसतिगृहात गाणं म्हणायचं तर आधी वसतिगृहात असावं लागतं. वसतिगृहात असायचं तर आधी शाळेत गेलेलं असावं लागतं. आणि शाळेच्या आधी पाणवठा लागतो.

*

पाणवठ्यावरून दौलताबाद आठवलं. १९३४ साली बाबासाहेब तीसेक कार्यकर्त्यांबरोबर वेरूळची लेणी बघायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला. सगळा रस्ता धुळीचा. किल्ल्याच्या दारापाशी एक हौद होता, पाण्याने भरलेला. मंडळींनी हातपाय, तोंड धुतलं आणि आत जायला निघाली. तेवढ्यात एक म्हातारा मुसलमान ओरडत धावत आला की धेडांनी हौद बाटवला. बघता बघता गर्दी जमली. शिव्या सुरू झाल्या. बाबासाहेबांनी विचारलं, तुमचा धर्म हेच शिकवतो का? आमच्यातला कोणी मुसलमान झाला तर त्याला पाणी घेऊ द्याल का? उत्तर नव्हतं. शेवटी किल्ला बघायची परवानगी मिळाली, पण बरोबर एक हत्यारबंद शिपाई दिला. कशासाठी? ह्या माणसांनी आत कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून.

ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ती निजामाच्या राज्यातली आहे. आता हिशेब करा. औरंगाबादच्या सवर्ण हिंदू पोराला निजामाचा जाच होता, तो खराच होता. पण त्याच्या घरच्या विहिरीवर त्याला शिपाई उभा दिसत नव्हता. आपल्या माणसावर राजा निजाम, गावात पाटील-देशमुख, आणि पाण्यावर सगळेच. हिंदू अडवणारा, मुसलमानही अडवणारा. एक जुलूम असता तर एक हद्द ओलांडून माणूस सुटला असता.

*

तरीही हद्द ओलांडली गेली. आणि कधी? त्याच हिवाळ्यात. विद्यार्थी नोव्हेंबरात हाकलले गेले. त्याच्या पुढच्या महिन्यात, ३० डिसेंबर १९३८ रोजी, कन्नडजवळ मक्रणपूरला आपली परिषद भरली.

मक्रणपूरला आजही दरवर्षी ३० डिसेंबरला परिषद भरते. १९७२ च्या दुष्काळातही खंड पडला नाही. तिथे सांगितली जाते ती हकिकत अशी. निजाम सरकारने बाबासाहेबांच्या भाषणाला बंदी केली होती. औरंगाबादवरून प्रवास करायला मुभा, पण बोलायचं नाही. मग औरंगाबादचे भाऊसाहेब मोरे आणि त्यांच्या साथीदारांनी जागा शोधली. शिवना नदी ही दोन राज्यांमधली शीव. मक्रणपूर नदीकाठीच, पण इंग्रजी हद्दीत. तिथे विटांचा मंच बांधला. तो मंच अजून उभा आहे. खर्चाला पैसा नव्हता तेव्हा एका बाईने अंगावरचे दागिने विकले असं सांगतात. खेड्याखेड्यांतून लोक चालत आले, नदी ओलांडून पलीकडे गेले, आणि तिथे बाबासाहेब बोलले. निजामाच्या राज्यकारभाराला साथ देऊ नका असं त्यांनी सांगितलं.

'जयभीम' ही घोषणा मक्रणपूरला भाऊसाहेब मोऱ्यांनी दिली असं मराठवाड्यातले लोक मानतात. आपण नागपूरवाले म्हणतो, ती त्याआधीच कामठीच्या बाबू हरदासांनी दिली. बिडी कामगारांची संघटना बांधणारा, १९३७ मध्ये नागपूर-कामठीतून आमदार झालेला हा माणूस मक्रणपूरच्या परिषदेनंतर दोन आठवड्यांत, १२ जानेवारी १९३९ ला, पस्तिसाव्या वर्षी गेला. ह्या दोन दाव्यांवरून आपल्यात वाद होतो. होऊ द्या. मला त्यात एवढंच दिसतं की एकाच काळात कन्हान नदीच्या काठी आणि शिवना नदीच्या काठी, एकमेकांपासून कितीतरी दूर, आपली माणसं वाकून जोहार घालायचं सोडून ताठ मानेने दुसरं काही म्हणायला शिकत होती.

आता माझ्या घरातली गोष्ट. माझ्या आजीचा बाप कन्नडच्या बाजूच्या एका खेड्यातला. तेव्हा त्याचं वय अठरा-एकोणीस असेल. म्हणजे नागपूरला आलेल्या त्या विद्यार्थ्यांएवढंच. गावकीची कामं त्याच्याकडे. मेलेलं जनावर ओढणं, सरकारी माणसाचं ओझं पुढच्या गावापर्यंत नेणं, पाटलाचा निरोप घेऊन पळणं. तो रात्री निघाला, नदी ओलांडली, दिवसभर परिषदेत बसला. संध्याकाळी परत नदी ओलांडून गावात आला. दुसऱ्या दिवशी पाटलाच्या वाड्यासमोर हजर.

हे ऐकलं तेव्हा मला राग आला होता. मी आजीला विचारलं, "मंग तो तिकडंच काहून नाही राहिला? एवढी नदी पार केली होती त."

आजी म्हणाली, "कुठं ऱ्हायचं व्हतं लेकरा? नदीच्या तिकडंबी म्हारवाडाच व्हता की."

*

मित्रांनो, आजी शाळेत गेलेली नाही. पण इतिहासाच्या जाड पुस्तकात मला हे एवढं स्पष्ट कुठे सापडलं नाही. आजी बोलली ते तपासून बघू.

नदीच्या पलीकडे इंग्रजांचं राज्य. कायद्याचं राज्य म्हणवणारं. पण मुंबई इलाख्यात १८७४ सालचा वतन कायदा होता. त्या कायद्याने महाराला गावाच्या आणि सरकारच्या कामाला पिढीजात जुंपलेलं होतं. दिवस-रात्र कधीही बोलावणं आलं की जायचं. आपण घरी नसलो तर घरातल्या दुसऱ्याने जायचं. मोबदला जमिनीचा एक तुकडा आणि गावभर मागून आणायची भाकर. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात हे वतन मोडायचं बिल आणलं. ते तडीला गेलं नाही. वतनं मोडणारा कायदा झाला १९५८ साली, बाबासाहेब गेल्यानंतर दोन वर्षांनी. म्हणजे शिवना ओलांडून माझा पणजोबा पलीकडे राहिला असता तर निजामाचा वेठबिगार होता तो इंग्रजांचा वतनदार झाला असता. काम तेच. काठी तीच.

बरं, गाव सोडून शहरात, गिरणीत गेला असता तर? मी स्वतः रिंगखात्यात आहे म्हणून हे मला नीट कळतं. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत. का? धोट्यात नवी कांडी भरली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा दुसरा कामगार हातात धरायला तयार नसे. विणकाम खात्यात पगार जास्त, म्हणून ते खातं बंद. १९२८-२९ च्या संपांच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. लाल बावट्याखालीही धोटा बाटत होता.

म्हणून मी म्हणतो, त्या विद्यार्थ्यांची सुटका आणि आपल्या माणसाची सुटका ही एका तराजूत तोलता येत नाही. विद्यार्थी नागपूरला उतरला तेव्हा त्याचं राज्य बदललं. आपला माणूस कुठेही उतरला तरी आधी त्याची जात उतरली आणि मग तो.

*

हैदराबादच्या शेवटच्या दिवसांत हा प्रश्न आणखी अवघड झाला. त्याच्याबद्दल आपल्यात फार बोललं जात नाही, पण बोललं पाहिजे. निजामाने अस्पृश्यांना जवळ करायचा प्रयत्न केला. आपल्यातले काही पुढारी त्याच्या बाजूला उभे राहिले. बी. एस. व्यंकटराव निजामाच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. बी. श्यामसुंदर १९४८ मध्ये हैदराबादच्या शिष्टमंडळातून संयुक्त राष्ट्रसंघापर्यंत गेले. त्यांना नुसतं गद्दार म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्यांच्याही डोळ्यांपुढे प्रश्न खरा होता. उद्या निजाम गेला आणि देशमुख राहिला, तर आपल्या माणसाच्या हाती काय?

बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये पत्रक काढून स्वच्छ सांगितलं. पाकिस्तानातल्या आणि हैदराबादेतल्या दलितांनी सुटकेचा सोपा मार्ग म्हणून मुसलमान होऊ नये, निजामाची बाजू घेऊ नये, पाकिस्तानातल्यांनी भारतात यावं. पण यावं म्हणजे कसं? पाकिस्तान सरकार सोडायलाच तयार नव्हतं. १८ डिसेंबर १९४७ ला बाबासाहेबांनी नेहरूंना पत्र लिहिलं. सफाई कामगारांना तिथे अत्यावश्यक सेवेत धरलंय, महिन्याची नोटीस दिल्याशिवाय त्यांना सोडत नाहीत, दलितांनी घाणीची कामं करायला मागेच राहावं अशी त्यांची इच्छा आहे, ही तक्रार त्या पत्रात आहे.

हे वाचून मी लायब्ररीत पुस्तक मिटून बसलो होतो. फाळणीत लाखो लोक इकडून तिकडे जात होते. कोणी बैलगाडीने, कोणी रेल्वेच्या टपावर बसून. आणि झाडूवाल्याला सांगितलं जात होतं, तू थांब, तुझी गरज आहे. सगळ्यांना हाकलणारं राज्यही आपल्या माणसाला हाकलत नाही. धरून ठेवतं. विद्यार्थ्याचं नाव कापून त्याला बाहेर काढलं, ती शिक्षा होती. माझ्या पणजोबाला कोणी बाहेर काढलं नाही. त्याला गावात ठेवलं, हीच त्याची शिक्षा होती.

*

१३ सप्टेंबर १९४८ ला भारताची फौज हैदराबादेत शिरली. १७ तारखेला निजाम शरण आला. मराठवाडा आज त्या दिवशी मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो. आणि ज्याच्यापासून मुक्ती मिळाली तो निजाम? १९५० ते १९५६ तो हैदराबाद राज्याचा राजप्रमुख होता. लढलेल्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान मिळाला, पेन्शन मिळाली. ते योग्यच झालं. पण शिवना ओलांडून एका दिवसासाठी पलीकडे गेलेल्या माणसांची यादी कोणत्या कचेरीत आहे? त्यांनी कोणतं राज्य उलथवलं म्हणून त्यांचं नाव लिहायचं?

माझ्या मते आपल्या लोकांसाठी मराठवाड्यातून बाहेर पडायचा पहिला खरा रस्ता १९५० साली सुरू झाला, तोही मराठवाड्यातच. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत कॉलेज काढलं. मिलिंद. त्या परिसराला नाव दिलं नागसेनवन. ज्या गावांतून पोरगं फार तर ढोरामागे गेलं असतं, त्या गावांतून पोरं वसतिगृहात येऊन राहू लागली. दौलताबादच्या हौदापासून हे कॉलेज काही फार दूर नाही. त्याच मातीत, सोळा वर्षांनी. पुढे ह्याच कॉलेजच्या आवारात दलित साहित्याने मोठा श्वास घेतला. आज आपण हे चार कागद स्टेन्सिलवर कापून छापतो, त्याचं मूळही तिथे जातं.

आणि दुसरा रस्ता नागपूरला सुरू झाला. १४ ऑक्टोबर १९५६. धरमपेठेतून शंकरनगर, बजाजनगर करत चालत गेलात तर अर्ध्या-पाऊण तासात दीक्षाभूमी येते. तेव्हा ते व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळचं मोकळं मैदान होतं. लाखो माणसं पांढरे कपडे घालून तिथे आली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितलं की नागपूर निवडलं ते नाग लोकांची भूमी म्हणून, दुसऱ्या कोणाला डिवचायला नाही. माझा पणजोबाही त्या गर्दीत होता. मनमाड-भुसावळ करत आला. आजी तेव्हा अकरा-बारा वर्षांची, त्याच्या बोटाला धरून.

दीक्षा घेऊन तो परत गावात गेला. ह्याही वेळी परत गेला! पण काही दिवसांनी पाटलाचा बैल मेला आणि बोलावणं आलं, तेव्हा त्याने ओढायला नकार दिला. गावाने दाणापाणी तोडलं. दळण बंद, दुकान बंद, शेतावर मजुरी बंद. दोन महिने काढले, मग भांडी-कुंडी डोक्यावर घेऊन तो नागपूरला आला आणि मालधक्क्यावर हमाली करू लागला. आजी म्हणते, "बा गाव सोडून नाय आला. बा आधी गावचं काम सोडून आला. गाव मागनं सुटलं."

ह्याला मी सुटका म्हणतो. १९३८ साली त्याने नदी ओलांडली तेव्हा शरीर पलीकडे गेलं आणि परत आलं. १९५६ साली तो गावातच उभा होता, आणि सुटला. कोणतं राज्य बदललं म्हणून नाही. त्याने गुलामाचं काम करायला नाही म्हटलं म्हणून.

*

पण इथे गोष्ट गोड करून संपवली तर ती खोटी होईल. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात काय झालं ते आपल्या आधीच्या पिढीने अंगावर झेललं. वस्त्या जळाल्या. विहिरीत विष्ठा टाकली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना मारलं. नागपुरातही नामांतरासाठी रस्त्यावर उतरलेल्यांवर गोळीबार झाला, आपली माणसं मेली. नाव बदललं ते १४ जानेवारी १९९४ ला. सोळा वर्षं.

आणि विरोध करणाऱ्यांत आघाडीला कोण होतं? निजामाविरुद्ध आयुष्य घातलेले गोविंदभाई श्रॉफ. त्यांच्या आधीच्या त्यागाबद्दल मला शंका नाही. प्रश्न वेगळाच आहे. जो माणूस राजाविरुद्ध लढला, त्याला आपल्या शेजारच्या माणसाचं नाव विद्यापीठावर का सोसलं नाही? मला वाटतं, कारण त्यांच्या लेखी मुक्तीचा संग्राम १७ सप्टेंबर १९४८ ला संपला होता. आपला तेव्हा सुरूही झाला नव्हता. ज्याची गोष्ट संपली त्याला दुसऱ्याची चालू लढाई म्हणजे उगाच केलेली गडबड वाटते.

*

आता परत धरमपेठेत येतो.

नागपूरने १९३८ साली त्या विद्यार्थ्यांना घेतलं ही ह्या शहराची चांगली गोष्ट आहे. ती मी नाकारत नाही. उलट मला ती त्या मालकीणबाईंना सांगायची आहे. बाई, तुमच्या शहराने एकदा संस्थानच्या पोरांना विचारलं होतं, तुम्ही काय शिकत होता? पुढे शिका. माझ्या बहिणीलाही तेवढंच विचारा.

पण तुम्हा दोस्तांना सांगायचं ते वेगळं आहे. आपल्यातले पुष्कळ जण आज शिकतात, नोकरीला लागतात, वस्ती सोडतात. वस्ती सोडावी, कोण नको म्हणतो? नाली तुंबलेल्या गल्लीत राहण्यात काही क्रांती नाही. पण काही जण वस्ती सोडली म्हणजे सुटलो असं समजतात. मग खोलीसाठी आडनाव बदलून सांगतात. घरातला बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत नेतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्या फाटकाशी उभं असताना क्षणभर माझ्याही जिभेवर दुसरं आडनाव आलं होतं. बहीण शेजारी नसती तर कदाचित बोललोही असतो. हे कबूल करायला लाज वाटते, पण लिहितो. कारण तसं बोललो असतो तर ती शिवना ओलांडून पलीकडच्या म्हारवाड्यात राहायला गेल्यासारखी गोष्ट झाली असती.

बहिणीला शेवटी खोली मिळाली नाही. ती आता पहाटेच्या बसने जाते, दोन बस बदलून. माझी रात्रपाळी असेल तेव्हा मी सुटल्यावर तिला चौकात भेटतो, टपरीवर चहा पितो आणि ती कॉलेजला जाते. परवा ती म्हणाली, "दादा, वर्गात सरांनी विचारलं आडनाव. म्या सांगितलं, जोरात."

तर एक काम करा. तुमच्या घरात, गल्लीत, विहारात कोणी म्हातारं माणूस असेल, त्याच्याजवळ वही घेऊन बसा. तो कुठून आला, गाव कधी सोडलं, कोणत्या कामाला पहिल्यांदा नाही म्हणाला, ते लिहून घ्या. तारीख आठवत नसेल तर दुष्काळ विचारा, निवडणूक विचारा, दीक्षेच्या आधी की नंतर ते विचारा. निजामाच्या राज्यातून गाडीने सुटलेल्यांची नावं पुस्तकात आली आहेत. पायी सुटलेल्यांची नावं अजून आपल्याच घरात आहेत. ती माणसं आता फार दिवस राहायची नाहीत. माझी आजी ऐंशीच्या घरात आहे.

वही भरली की आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात छापू.

जयभीम.